पेट्रोलमध्ये 'हिरवे' किती? कार्बन-१४ ची चाचणी समजून घेऊया

पेट्रोल पंपावर आता 'ई-२०' ही पाटी सगळीकडे दिसते. अर्थ सोपा आहे. शंभर लिटर इंधनात वीस लिटर इथेनॉल आणि उरलेले ऐंशी लिटर कच्च्या तेलातून काढलेले पेट्रोल. राष्ट्रीय जैवइंधन धोरण २०१८ साली आले. त्यातले २० टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट आधी २०३० साठी होते. २०२२ मध्ये ते अलीकडे आणून २०२५-२६ करण्यात आले आणि २०२५ मध्ये ते गाठल्याचे सरकारने जाहीर केले. आता पाळी विमानांची आहे. आंतरराष्ट्रीय उड्डाणांच्या इंधनात २०२७ पासून १ टक्का, २०२८ पासून २ टक्के आणि २०३० पासून ५ टक्के 'शाश्वत' इंधन मिसळायचे ठरले आहे. पाइपातून येणाऱ्या गॅसमध्येही बायोगॅस मिसळण्याचे टप्पे ठरवून दिले आहेत.

या सगळ्यामागे जनतेचा पैसा आहे, जमीन आहे, पाणी आहे आणि माणसांचे श्रम आहेत. म्हणून एक साधा प्रश्न विचारायला हवा. पाटीवर जे लिहिले आहे ते टाकीत खरोखर आहे का, हे कोण तपासते आणि कसे तपासते?

मी समाजशास्त्र शिकलेली कार्यकर्ती आहे, रसायनशास्त्र हा माझा विषय नाही. पण मोजमाप हा फक्त प्रयोगशाळेतला विषय नसतो, एवढे चळवळीत काम करताना कळते. कोण मोजतो, काय मोजतो आणि काय मोजायचे सोडून देतो, यावर पुढचे निर्णय ठरतात. म्हणून ही चाचणी कार्यकर्त्यांनी समजून घ्यावी असे वाटते. ती वाटते तितकी अवघड नाही.

रसायन सारखे, जन्म वेगळा

पेट्रोलमध्ये इथेनॉल किती आहे हे कळायला मोठी यंत्रे लागत नाहीत. मोजपात्रात पेट्रोल घ्या, त्यात पाणी घाला, हलवा आणि थोडा वेळ ठेवा. इथेनॉल पाण्यात उतरते आणि खालचा थर वाढतो. किती वाढला त्यावरून ढोबळ अंदाज येतो. प्रयोगशाळेत याहून अचूक पद्धती आहेत.

पण ही तपासणी एकच गोष्ट सांगते, की इथेनॉल आहे. ते इथेनॉल कुठून आले हे ती सांगू शकत नाही.

हरियाणातल्या पानिपतचे उदाहरण घ्या. तिथे इंडियन ऑइलच्या रिफायनरीच्या परिसरात भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल बनवणारा कारखाना १० ऑगस्ट २०२२ रोजी देशाला अर्पण झाला. तिथेच रिफायनरीतून निघणाऱ्या वायूंपासून जिवाणूंच्या मदतीने इथेनॉल बनवण्याचा दुसरा कारखानाही उभा केला गेला. दोन्हीकडचे इथेनॉल दोन बाटल्यांत भरून समोर ठेवा. रंग, वास, उकळण्याचा बिंदू, रेणूची रचना, सगळे सारखे. पण एकातला कार्बन शेतातल्या भाताने अलीकडेच हवेतून घेतलेला आहे, आणि दुसऱ्यातला कार्बन कोट्यवधी वर्षे जमिनीखाली गाडलेल्या तेलातून आलेला आहे. हवामानाच्या दृष्टीने या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

विमानाच्या आणि डिझेलच्या इंधनात अडचण आणखी वाढते. रिफायनरीत कच्च्या तेलाबरोबरच वापरलेले खाद्यतेल एकाच यंत्रातून प्रक्रिया करून काढले, तर बाहेर येणारे रेणू सरसकट एकसारखे असतात. त्यातला कोणता रेणू वडे तळलेल्या तेलाचा आणि कोणता समुद्राखालच्या तेलाचा, हे नेहमीच्या रासायनिक तपासणीला ओळखता येत नाही. शेणाच्या बायोगॅसमधला मिथेन आणि खनिज वायूतला मिथेन यांचेही तसेच.

इथे कार्बन-१४ कामाला येतो.

कार्बनचे तीन प्रकार

कार्बनचा अणू निसर्गात तीन वजनांचा आढळतो. सुमारे ९९ टक्के अणू कार्बन-१२ असतात आणि साधारण १ टक्का कार्बन-१३. हे दोन्ही स्थिर आहेत. तिसरा कार्बन-१४ हा अत्यंत दुर्मीळ आहे. हवेतल्या एक लाख कोटी कार्बन अणूंमागे तो जेमतेम एक सापडतो. आणि तो स्थिर नाही, किरणोत्सर्ग करत हळूहळू नष्ट होतो.

नष्ट होतो तर संपत का नाही? कारण तो रोज नव्याने तयार होतो. अवकाशातून येणारे वैश्विक किरण वातावरणाच्या वरच्या थरात आदळतात, त्यातून न्यूट्रॉन सुटतात आणि ते नायट्रोजनच्या अणूवर आदळून त्याचा कार्बन-१४ करतात. हा कार्बन ऑक्सिजनशी जोडला जाऊन कार्बन डायऑक्साइड होतो आणि हवेत मिसळतो. ऊस, मका, भात, बाभूळ, गवत अशी प्रत्येक वनस्पती तो हवेतून घेते. वनस्पती खाणाऱ्या जनावरांत आणि माणसांतही तो येतो. म्हणजे आज जिवंत असलेल्या प्रत्येक शरीरात कार्बन-१४ चे प्रमाण जवळपास हवेइतकेच असते.

जीव मेला की हवेशी देवाणघेवाण थांबते. आत असलेला कार्बन-१४ मात्र कमी होत राहतो. ५७३० वर्षांत तो निम्मा होतो, आणखी ५७३० वर्षांत चौथाई उरतो. साधारण ५० हजार वर्षांनंतर तो इतका थोडा राहतो की मोजणे जवळपास अशक्य होते. कच्चे तेल, दगडी कोळसा आणि खनिज वायू तर कोट्यवधी वर्षांचे जुने. त्यांच्यात कार्बन-१४ शून्य.

एवढे लक्षात आले की पुढचे सगळे सोपे आहे. ताज्या वनस्पतीतून आलेला कार्बन १०० गुण मिळवतो, जमिनीखालून काढलेला कार्बन शून्य मिळवतो. मिश्रणाला जितके गुण मिळतील, तितका त्यातला कार्बन ताजा.

एक फरक ध्यानात ठेवा. पुरातत्त्वात हीच पद्धत वय काढण्यासाठी वापरतात. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजने उत्खनन केले, तिथल्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीचा काळ ठरवायला कार्बन-१४ कामी आला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० च्या दशकाच्या सुरुवातीलाच अशी प्रयोगशाळा होती. तिथे एकाच वयाच्या कोळशाचा तुकडा घेऊन विचारतात, हा किती जुना? इंधनात मात्र दोनच वयांचे कार्बन असतात, एक अगदी ताजा आणि एक अतिप्राचीन. म्हणून प्रश्न वयाचा राहत नाही, प्रमाणाचा होतो.

सुरुवात सांडपाण्यापासून झाली

कार्बन-१४ चा शोध १९४० साली अमेरिकेतल्या बर्कली येथे मार्टिन केमेन आणि सॅम रूबेन यांनी लावला, तोही प्रयोगशाळेत कृत्रिमरीत्या तयार करून. तो निसर्गातही सापडेल आणि सजीवांत असेल, हे विलर्ड लिबी या शास्त्रज्ञाने ताडले. पण सिद्ध कसे करायचे?

लिबी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दोन ठिकाणचा मिथेन वायू घेतला. एक बाल्टिमोर शहराच्या सांडपाण्यातून निघालेला आणि दुसरा खनिज तेलातून आलेला. सांडपाण्यातला मिथेन म्हणजे शहरातल्या माणसांनी खाल्लेल्या अन्नाचाच कार्बन, म्हणजे ताजा. मोजल्यावर त्यात कार्बन-१४ सापडला. तेलातल्या मिथेनमध्ये सापडला नाही. १९४७ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि पुढे १९६० साली लिबीला रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

म्हणजे जगाला या पद्धतीची ओळख वय मोजणारे घड्याळ म्हणून झाली, पण तिचा पाया बायोगॅस आणि खनिज वायू यांतला फरक ओळखण्यावर रचलेला आहे. आज इंधनाची तपासणी करणारे लोक त्याच जुन्या प्रयोगाकडे परत गेले आहेत. आणि ज्या मैल्याकडे समाज नाक मुरडून पाहतो, त्यानेच विज्ञानाला हा पुरावा दिला, हेही विसरू नये.

प्रत्यक्ष मोजतात कसे

दोन मार्ग आहेत.

पहिला मार्ग, फुटणारे अणू मोजणे. इंधनाच्या नमुन्यात एक विशेष द्रव मिसळतात. कार्बन-१४ चा अणू फुटला की त्या द्रवात प्रकाशाचा बारीक ठिपका उमटतो. यंत्र ते ठिपके मोजते. पद्धत तुलनेने स्वस्त आहे, पण हळू आहे. कारण पाहा. एक ग्रॅम ताज्या कार्बनमध्ये कार्बन-१४ चे सुमारे ६००० कोटी अणू असतात, पण त्यांतले मिनिटाला फक्त १३-१४ फुटतात. इंधनात ताजा कार्बन कमी असेल तर ठिपके आणखी कमी, म्हणून तासन् तास मोजत बसावे लागते. शिवाय डिझेलसारखे पिवळसर, गडद इंधन असेल तर त्याचा रंगच तो प्रकाश गिळतो आणि आकडा चुकू शकतो. त्यासाठी वेगळी दुरुस्ती करावी लागते.

दुसरा मार्ग, फुटण्याची वाट न पाहता अणूच मोजणे. त्यासाठी त्वरक यंत्र लागते. आधी इंधन जाळून त्याचा कार्बन डायऑक्साइड करतात, त्यापासून शुद्ध कार्बनची काळी भुकटी बनवतात. तिच्यातले अणू ऋणभारित करून प्रचंड वेगाने पळवतात आणि चुंबकाच्या साहाय्याने वजनानुसार वेगळे करतात. जड अणू कमी वळतो, हलका जास्त वळतो. कार्बन-१४ आणि नायट्रोजन-१४ यांचे वजन जवळपास सारखे, त्यामुळे गोंधळ व्हायला हवा. पण नायट्रोजन ऋणभार धरून टिकत नाही, त्यामुळे तो सुरुवातीलाच गळतो. ही युक्ती १९७७ च्या सुमारास साधली आणि ही पद्धत उभी राहिली. तिला एक मिलिग्रॅमच्या आसपास कार्बन पुरतो आणि अचूकता खूप जास्त मिळते.

भारतात अशी यंत्रे आहेत. दिल्लीचे आंतरविद्यापीठ त्वरक केंद्र आणि अहमदाबादची भौतिक संशोधन प्रयोगशाळा या सार्वजनिक संस्थांत त्वरकावर कार्बन-१४ मोजला जातो. म्हणजे ज्ञान आणि साधने देशात आहेत.

ई-२० चा हिशोब

आता एक गणित करू. ई-२० इंधनाची चाचणी केली तर उत्तर २० यायला हवे ना? नाही. साधारण १४ येते. आणि तरीही पंपवाल्याने फसवलेले नसते.

कारण चाचणी लिटर मोजत नाही, कार्बन मोजते. इथेनॉलच्या एका लिटरमध्ये सुमारे ४१० ग्रॅम कार्बन असतो, कारण त्याच्या रेणूत ऑक्सिजननेही जागा घेतलेली असते. पेट्रोलच्या एका लिटरमध्ये साधारण ६४० ग्रॅम कार्बन असतो. शंभर लिटर ई-२० मध्ये इथेनॉलचा कार्बन होतो सुमारे ८ किलो आणि पेट्रोलचा होतो सुमारे ५१ किलो. एकूण ५९ किलोंपैकी ८ किलो, म्हणजे १४ टक्क्यांच्या आसपास. हाच हिशोब ई-१० ला लावला तर उत्तर ७ टक्क्यांच्या जवळ येते.

हा आकडा कार्यकर्त्यांनी नीट लक्षात ठेवावा. 'वीस टक्के हिरवे इंधन' असे भाषणात म्हटले जाते. आकारमानाने ते बरोबर आहे. पण धुराड्यातून बाहेर पडणाऱ्या कार्बनच्या हिशोबाने हिरवा वाटा १४ टक्केच आहे. उर्जेच्या हिशोबानेही तो साधारण तेवढाच भरतो, कारण इथेनॉलच्या एका लिटरमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांशच ऊर्जा असते. टक्का ऐकला की पहिला प्रश्न विचारायचा: कशाचा टक्का? लिटरचा, वजनाचा, कार्बनचा की ऊर्जेचा?

आकडा वाचताना आणखी तीन गोष्टी

एक, बायोडिझेल. शंभर टक्के बायोडिझेल तपासले तरी उत्तर १०० येत नाही, ९५ च्या आसपास येते. वनस्पती तेलाचे बायोडिझेल करताना त्यात मिथेनॉल घालतात आणि ते मिथेनॉल बहुतेक वेळा खनिज वायूपासून किंवा कोळशापासून बनलेले असते. तयार रेणूत साधारण १९ कार्बन असतात, त्यांतला एक या मिथेनॉलचा. तेवढा भाग जमिनीखालचा. चाचणी तोही पकडते.

दोन, अणुबाँब. १९५० आणि ६० च्या दशकांत महासत्तांनी उघड्यावर अणुचाचण्या केल्या. त्यामुळे हवेतला कार्बन-१४ जवळपास दुप्पट झाला. १९६३ च्या करारानंतर उघड्यावरच्या चाचण्या थांबत गेल्या आणि तो हळूहळू खाली आला. दुसऱ्या बाजूने आपण जाळलेल्या कोळसा-तेलातून कार्बन-१४ नसलेला धूर हवेत गेला आणि त्याने प्रमाण आणखी पातळ केले. आज हवेतले प्रमाण पुन्हा १९५० च्या पातळीजवळ आले आहे. यंदाच्या उसाला यामुळे काही अडचण नाही. पण इंधन जुन्या झाडांच्या लाकडापासून बनले असेल, तर त्या झाडात १९६० च्या दशकाचा जास्तीचा कार्बन-१४ साठलेला असतो आणि उत्तर १०० च्या वरही जाऊ शकते. म्हणून आंतरराष्ट्रीय मानकांत यासाठी दुरुस्तीचे आकडे दिलेले असतात आणि ते वेळोवेळी बदलतात.

तीन, फार लहान प्रमाण. विमानाच्या इंधनात १ टक्काच जैविक भाग असेल, तर चूक आणि उत्तर यांत फरक करणे कठीण होते. तिथे ठिपके मोजणारी पद्धत अपुरी पडते, त्वरकच लागतो.

नियम काय म्हणतात

अमेरिकेत 'एएसटीएम डी ६८६६' हे मानक २००४ साली आले. सरकारी खरेदीत वनस्पतिजन्य वस्तूंना प्राधान्य द्यायचे ठरले, तेव्हा 'ही वस्तू वनस्पतिजन्य आहे' हे सिद्ध करण्याची गरज पडली, त्यातून ते जन्मले. पुढे ते इंधनांनाही लागू झाले. युरोपीय संघाने २०२३ मध्ये नियम केला, की एकाच यंत्रात खनिज आणि जैविक कच्चा माल एकत्र प्रक्रिया करून इंधन काढले, तर त्यातला जैविक वाटा कार्बन-१४ चाचणीने पडताळला पाहिजे. फक्त कागदावरचा आवक-जावक हिशोब पुरेसा मानायचा नाही.

हे महत्त्वाचे का? समजा रिफायनरीत पाच टक्के वापरलेले तेल घातले. बाहेर पेट्रोल, डिझेल, विमानाचे इंधन आणि गॅस असे अनेक पदार्थ निघतात. ते पाच टक्के नेमके कशात गेले? कागदावर सगळे महाग विकल्या जाणाऱ्या विमान इंधनात गेले असे दाखवता येईल. प्रत्यक्षात बराच भाग गॅस होऊन जळून गेलेला असू शकतो. कार्बन कागद पाहत नाही, तो जिथे असेल तिथेच सापडतो.

आपल्याकडेही हा प्रश्न आता दारात आला आहे. १९ मे २०२३ रोजी पुण्याहून दिल्लीला गेलेल्या प्रवासी विमानात पुण्याच्या प्राज कंपनीने देशी कच्च्या मालापासून बनवलेले इंधन मिसळले होते. पानिपतच्या रिफायनरीत वापरलेल्या खाद्यतेलापासून विमान इंधन बनवण्यासाठी २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले. मिश्रण वाढेल तशी पडताळणीची गरज वाढणार आहे.

कचरा जाळून केलेली वीज

शहरातल्या कार्यकर्त्यांसाठी ही चाचणी आणखी एका ठिकाणी उपयोगाची आहे. कचरा जाळून वीज बनवणारे प्रकल्प येत आहेत. पिंपरी-चिंचवडमध्ये मोशी येथे २०२३ मध्ये असा प्रकल्प सुरू झाला, मुंबईत देवनारला आखला गेला. या विजेला 'हरित' म्हटले जाते. पण कचऱ्यात काय असते? भाजीपाल्याची देठे, कागद, लाकूड, सुती चिंध्या हा ताजा कार्बन. प्लास्टिक, पॉलिएस्टर, रबर, थर्माकोल हा तेलाचा कार्बन. प्लास्टिक जाळून केलेली वीज हवामानाच्या हिशोबात तेल जाळून केलेल्या विजेसारखीच.

धुराड्यातल्या वायूचा नमुना गोळा करून त्यातल्या कार्बन डायऑक्साइडमधला कार्बन-१४ मोजला, की किती टक्के धूर प्लास्टिकचा हे कळते. त्यासाठी 'आयएसओ १३८३३' हे आंतरराष्ट्रीय मानकही आहे. कचराभूमीच्या कडेला कोणाच्या वस्त्या असतात हे आपल्याला सांगायला नको. कचरा वेचून, प्लास्टिक वेगळे करून ज्या बाया घर चालवतात, त्यांच्या हातचे प्लास्टिक भट्टीत जाणार असेल, तर त्याला 'हरित' म्हणण्याआधी धुराचा हिशोब मागण्याचा आपल्याला अधिकार आहे.

ही चाचणी काय सांगत नाही

आता दुसरी बाजू. कार्बन-१४ फक्त एकच सांगतो, कार्बन ताजा आहे की प्राचीन. त्यापलीकडे तो मुका आहे.

वापरलेले खाद्यतेल आणि जंगल तोडून लावलेल्या बागेतले ताजे पाम तेल, दोघांनाही १०० गुण मिळतात. वापरलेल्या तेलाच्या नावाखाली ताजे तेल विकले जात असल्याचा संशय युरोपात वारंवार व्यक्त झाला आहे. तो या चाचणीने सुटत नाही. तिथे कागदपत्रे आणि प्रत्यक्ष तपासणीच लागते. कार्बन-१३ चे प्रमाण मोजून थोडी मदत होते, कारण ऊस आणि मका एका पद्धतीने कार्बन घेतात आणि भात-गहू दुसऱ्या पद्धतीने. म्हणजे इथेनॉल उसा-मक्याचे की तांदळाचे हे ओळखता येते. पण ऊस की मका हे त्यातूनही कळत नाही.

ताजा कार्बन म्हणजे प्रदूषण शून्य, असेही नाही. उसाला घातलेले खत, पंपाची वीज, वाहतुकीचे डिझेल आणि कारखान्याच्या बॉयलरचा कोळसा या चाचणीत येत नाहीत. पाणीही येत नाही. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच म्हटले आहे, की उसापासून एक लिटर इथेनॉल बनवायला सुमारे २८६० लिटर पाणी लागते. मराठवाड्यात टँकरच्या रांगेत उभ्या राहिलेल्या बाईला हा आकडा समजावून सांगावा लागणार नाही. भारतीय अन्न महामंडळाचा तांदूळही इथेनॉलसाठी दिला जातो. तो तांदूळ भाताच्या पेंढ्याइतकेच गुण मिळवतो. एक माणसाचे अन्न आहे आणि दुसरा शेतात जाळला जाणारा अवशेष, हा भेद यंत्राला कळत नाही.

आणि श्रम तर मुळीच कळत नाहीत. ज्या उसाचा कार्बन १०० गुण घेऊन येतो, तो तोडणारी कुटुंबे बीड, जालना, परभणी, अहिल्यानगर अशा जिल्ह्यांतून दर वर्षी निघतात. भूमिहीन, कोरडवाहू, मोठ्या संख्येने दलित आणि भटके-विमुक्त. नवरा-बायको मिळून 'एक कोयता' मोजला जातो. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यात हंगाम जातो, मुलांची शाळा सुटते. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला आणि चौकशी समिती नेमावी लागली. त्या महिलांनी तोडलेला ऊस आणि यंत्राने तोडलेला ऊस कार्बन-१४ च्या लेखी एकच.

म्हणून 'चाचणी पास' हे वाक्य ऐकले की थांबायचे नाही. चाचणी खरी असते, पण ती ज्या प्रश्नाचे उत्तर देते तो प्रश्न छोटा असतो. मोठे प्रश्न आपल्यालाच विचारावे लागतात.

मग आपण काय करायचे?

इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्थान पेट्रोलियम या सार्वजनिक कंपन्या आहेत. माहिती अधिकार कायदा २००५ त्यांना लागू आहे. महापालिकांनाही तो लागू आहे. विज्ञान आणि कायदा शिकणाऱ्या आपल्या मुला-मुलींनी एकत्र बसून पुढील प्रश्न अर्जात घालावेत.

पहिला, जैविक वाट्याचा जो टक्का जाहीर केला जातो तो आकारमानाचा, कार्बनचा की ऊर्जेचा? दुसरा, तो कागदी हिशोबातून काढला की कार्बन-१४ चाचणीतून? तिसरा, चाचणी झाली असेल तर कोणत्या मानकानुसार, कोणत्या प्रयोगशाळेत, वर्षातून किती वेळा, आणि नमुना कोणी गोळा केला? नमुना कंपनीनेच निवडून दिला असेल तर उत्तम यंत्रही फक्त तेवढ्या बाटलीबद्दलच बोलते. चौथा, कचऱ्यापासून वीज करणाऱ्या प्रकल्पाच्या धुरात खनिज कार्बनचा वाटा किती? पाचवा, कच्चा माल कुठून आला आणि तो पिकवणाऱ्या, तोडणाऱ्या, वेचणाऱ्या माणसांच्या मजुरीची, आरोग्याची, मुलांच्या शिक्षणाची नोंद कोणत्या प्रमाणपत्रात आहे?

पहिल्या चार प्रश्नांची उत्तरे प्रयोगशाळेत मिळतात. तिथे आपली विज्ञान शाखेची मुले-मुली पोहोचली पाहिजेत. त्वरक चालवणारे, नमुने गोळा करणारे आणि मानके ठरवणाऱ्या समित्यांवर बसणारे लोक आपल्यातूनही तयार झाले पाहिजेत. भौतिकशास्त्र किंवा रसायनशास्त्रात पदवी घेणाऱ्यांनी या क्षेत्राची माहिती आजच काढावी. इंधन, प्लास्टिक, कचरा आणि कार्बन-बाजार या सगळ्यांत पडताळणीचे काम वाढणार आहे.

पाचव्या प्रश्नासाठी कोणतेही यंत्र नाही. तो उसाच्या फडात, कचराभूमीवर आणि रेशनच्या रांगेत जाऊन विचारावा लागतो. ते काम कार्यकर्त्यांचे आहे. कार्बन किती ताजा आहे हे मोजणाऱ्या देशाला त्यामागचा घामही मोजायला लावणे, ही पुढच्या काळातली आपली जबाबदारी आहे.